थोरलीने नाकारलेलं झुडूप

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, आणि वाटा माणसांनी नाही, शेळ्यांनी पाडलेल्या होत्या.

अशा एका बिननावाच्या डोंगराखाली एक गाव होतं. गाव म्हणजे काय, तीस-चाळीस खोपटी आणि त्यांच्या दसपट शेळ्या. माणसं शेळीचं दूध पीत, शेळीच्या केसांच्या दोऱ्या वळत, आणि काही अडलं तर शेळीलाच विचारत.

हसू नका, खरंच विचारत. रानात नवीन झाड दिसलं की त्याची फांदी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या शेळीपुढे धरायची. तिला सगळे थोरली म्हणत. थोरलीने पाला ओरबाडला तर झाड चांगलं. थोरलीने मान फिरवली तर झाड वैरी. झालं. त्यापुढे त्या झाडाकडे कुणी नीट बघायचंसुद्धा नाही.

वैऱ्याचं काय करायचं तेही ठरलेलं होतं. पाऊस सरला तरी जमीन काही दिवस मऊ असते. अशा वेळी एक दिवस सगळं गाव डोंगरावर जायचं आणि वैरी मुळासकट उपटायचं. त्या दिवसाला म्हणत उपटणी. ज्या घराने सगळ्यांत जास्त उपटलं, त्या घराला गावजेवणात पहिली वाढणी. म्हातारेकोतारेसुद्धा त्यासाठी झटायचे. वाईट मनाने नाही हं. गाव नीट राहावं, शेळ्या सुखात राहाव्यात, एवढंच त्यांच्या मनात.

पण व्हायचं काय, की सात-आठ वर्षांत डोंगर उघडा पडायचा. झरे आटायचे. मग कारभारी म्हणायचे, "डोंगर म्हातारा झाला. चला." आणि गाव खोपटी मोडून, मडकी डोक्यावर घेऊन पुढच्या डोंगराला निघायचं. असे चार डोंगर त्या गावाने म्हातारे केले होते.

ह्या गावात एक तरुण आई होती. मागच्या खेपेला गाव हललं तेव्हा भर वैशाख होता. तिचा पहिला मुलगा, दीड वर्षाचा, तिसऱ्या दिवशी वाटेतच गेला. त्याला वाटेकडेच्या दगडांत ठेवून तिला पुढे चालावं लागलं, कारण गाव कुणासाठी थांबत नसतं.

आता तिला मुलगी झाली होती, नुकती रांगायला लागलेली. आणि ही आई अशी काळजी करायची की विचारू नका. मुलीच्या हातातली काडी तपासायची, पायाखालची माती तपासायची, पाणी दोनदा गाळायची. बाया हसत. सासू तर तोंडावरच म्हणायची, "आमच्या सूनबाईंचं चाललं तर वाऱ्याला सुद्धा हात धुऊन यायला लावतील."

ती पाणी पुन्हा एकदा गाळायची. ज्याचं हरवलंय त्यालाच ठाऊक.

त्या वर्षी पाऊस सरून आठ दिवस झाले नव्हते, तरी गावाचे दोन्ही झरे करंगळीएवढे झाले. एक झरा नाल्याच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. कारभाऱ्यांनी गाव जमवलं. ते म्हणाले, "वैरी माजलेत. सगळं रान पिवळं पडतं, हे मात्र बारा महिने हिरवे. पाणी कोण पितंय ते दिसतंच आहे. ह्या उपटणीला झऱ्यांजवळचा एकही ठेवू नका. तरी झरे भरले नाहीत, तर होळी झाली की निघू."

"निघू" हा शब्द ऐकला आणि त्या आईने मुलीला छातीशी इतकं धरलं, की मुलगी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती उजव्या झऱ्यावर पाण्याला गेली. घागर धारेखाली लावली, मुलीला मांडीवर घेतलं आणि अंगाई म्हणत बसली. घागर भरायला सात अंगाया लागत होत्या. पाचव्या अंगाईला तिचा डोळा लागला. रात्रभर झोप नव्हती, तिला तरी काय बोल लावायचा.

जागी झाली तेव्हा मुलगी मांडीवर नव्हती. चार हातांवर, एका हिरव्या झुडपाशी बसली होती आणि तोंड वेडंवाकडं करत काहीतरी थुंकत होती.

आईने बोट घालून तोंडातला पाला काढला. मग हाताला येईल ती हिरवी फांदी मोडली, मुलीला काखेत मारलं आणि जी पळत सुटली ती थेट सुईण आजीच्या खोपटात.

ही आजी दूरच्या दाट रानातून ह्या गावात नांदायला आली होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. आता डोळे गेले होते, पण बोटं शाबूत होती.

"आजी, पोरीने वैऱ्याचं पान खाल्लं."

आजीने आधी मुलीची नाडी पाहिली, पोट चाचपलं. "तोंड धू तिचं. अंगावर घे. आणि पान दे इकडे."

आईने फांदी दिली. आजीची बोटं फांदीवरून फिरली आणि थांबली. एका पेराला तीन पानं. अरुंद, ताठ, चामड्यासारखी. मोडल्या जागी बोटाला चिकट चीक लागला. आजीचा चेहरा उतरला.

"हेच चावलं का तिने?"

"वैरीच होता."

"वैरी कोणता ते विचारते मी. हीच फांदी का? नीट आठव."

आईला आठवेना. आठवणार कसं? तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी, गावाच्या लेखी, सगळे वैरी सारखेच. आयुष्यभर ती पाण्याला जाताना त्या झुडपांजवळून गेली होती, आणि आता मुलीच्या जिवाचा प्रश्न आला तर तिला एवढंही सांगता येत नव्हतं, की पानं दोन होती का तीन.

"जा," आजी म्हणाली. "मुलगी माझ्यापाशी ठेव. तिने चावलेलं पान शोधून आण. पळ."

ती पळाली. झऱ्यापाशी गुडघ्यांवर बसून मातीतलं पान न् पान उचलून पाहिलं. आणि सापडलं. लांबट, मऊ पान, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळतं. कडेला दोन दुधाच्या दातांच्या खुणा. वर बघितलं तर त्याच झुडपाची फांदी, आणि फांदीवर पानं समोरासमोर, जोडीजोडीने. तिथून पाच पावलांवर दुसरं झुडूप होतं, गुलाबी फुलांचं, एका पेराला तीन-तीन पानांचं. घाईत तिने फांदी मोडली होती ती त्याची.

इतकी वर्षं ती दोन्ही एकाच नावाने ओळखत होती.

आजीने ते पान चुरगाळलं, नाकाला लावलं, आणि तिच्या सुरकुत्या सैल झाल्या. "घाबरू नको. हा अडुळसा आहे. कडूजहर, पण जीव घेणारा नाही. तिने थुंकलंही शहाण्यासारखं. आज दिवसभर लक्ष ठेव, बाकी काही नाही. आणि पहिली फांदी चुलीत घालू नकोस, धूरही वाईट. लांब नेऊन पुरून टाक. ती कण्हेर. तिचं पान पोटात गेलं असतं, तर मी नुसती बसून राहिले असते."

आई तिथेच भिंतीला टेकली. मुलगी तिच्याकडे बघून हसत होती. संध्याकाळपर्यंत मुलीला काही झालं नाही. पण आईच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. भीती वाटते म्हणून तिने आजवर मुलीला झाडांपासून लांब ठेवलं होतं. आता ती स्वतः जवळ जाणार होती.

दुसऱ्या दिवशी ती आजीपुढे येऊन बसली. "आजी, मला अडुळसा शिकवा."

"मी कसली शिकवते? मला दिसत नाही. तू बघून ये आणि मला दाखव."

"कसं दाखवू?"

"तोंडाने. कसा आहे तो?"

"हिरवा आहे."

"हिरवा तर पोपटही असतो. जा, परत जा."

ती परत गेली. परत आली. म्हणाली, "पानं जोडीने. एक जोडी पूर्व-पश्चिम, तर वरची उत्तर-दक्षिण. फांदीला पेरापेराशी गाठ सुजल्यासारखी. पान मोडलं तर चीक येत नाही."

"फूल?"

"आत्ता कळ्याच आहेत. एकच उमललंय. पांढरं. तोंड उघडल्यासारखं, वर एक ओठ, खाली एक. खालच्या ओठावर जांभळ्या रेघा."

"त्यावर कोण येतं?"

हे तिने पाहिलं नव्हतं. पुन्हा गेली, ऊन चढेपर्यंत बसली. काळा मोठा भुंगा आला, फुलाच्या खालच्या ओठावर बसला आणि पाठीला पिवळी पूड लावून गेला. तेही येऊन सांगितलं. आजी म्हणाली, "आता थोडी ओळख झाली. आमच्याकडे ह्याच्या पानाचा रस खोकल्याला देतात. पण किती, कुणाला, कधी, हे कळेपर्यंत तू कुणाला देऊ नकोस. झाड ओळखणं वेगळं आणि वापरणं वेगळं."

तुम्हीही ऐकून ठेवा बरं का मुलांनो. न ओळखता कुठलंच पान तोंडात घालायचं नाही.

"पण एक सांग," आजीने विचारलं, "त्याच्या पायाशी काय आहे?"

"पायाशी? माती."

"कशी माती? हात लावलास का?"

आईने हात लावला नव्हता. त्या दुपारी तिने लावला. अडुळशाच्या बुंध्याशी कुजक्या पानांचा थर होता, आणि त्याखालची माती ओली होती. गार, काळी. गेल्या उपटणीत जिथला अडुळसा उपटला होता, तिथे पिवळी धूळ आणि दगड, आणि मधून पावसाने पाडलेली घळ. ती कितीतरी वेळ एक हात ओल्या मातीत आणि एक हात धुळीत ठेवून बसली. मग उठली. काय करायचं ते तिला कळलं होतं.

उपटणीच्या आदल्या दिवशी गाव जमलं तेव्हा ती मुलीला कडेवर घेऊन मध्ये उभी राहिली.

"उद्या झऱ्याजवळचा अडुळसा उपटू नका," ती म्हणाली.

"कोण अडुळसा?" कारभाऱ्यांनी विचारलं. तेव्हा तिने फांदी दाखवली. लोक हसले. एकजण म्हणाला, "घ्या, वैऱ्याला नाव ठेवून बारसं पण करून आली."

कारभारी हसले नाहीत. ते म्हणाले, "थोरलीने ह्याला नाकारलंय. थोरली खोटं बोलते का?"

"नाही कारभारी. थोरली खरं बोलते, पण शेळीपुरतं. तिने अडुळशाकडे मान फिरवली, कारण तो कडू आहे. तिने कण्हेरीकडे मान फिरवली, कारण ती विष आहे. शेळीला दोन्हीकडे मानच फिरवता येते. आपण त्या दोघांना एक समजून बसलो."

"असेल. पण पाणी पितो ना तो? सगळं वाळतं आणि हा हिरवा."

"त्याच्या बुडाची माती ओली आहे, मी हात घालून बघितलीय. पाणी पिऊन टाकणाऱ्याच्या पायाशी कोरडं असतं. हा पाणी धरून ठेवतोय." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि एक सांगा. शेळीला जे आवडलं ते शेळीने खाल्लं. शेळीला जे नावडलं ते आपण उपटलं. मग डोंगरावर राहायला उरलं कोण? डोंगर म्हातारा होत नाही कारभारी. आपण त्याला उघडा करतो."

कुणी हसलं नाही आता. सासू तेवढी पुटपुटली, "चार पानं काय ओळखली, हिला शिंगं फुटली."

"तुझं खोटं ठरलं तर?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"उजवा झरा माझ्याकडे द्या. डाव्या अंगाला तुम्ही उपटणी करा, उजव्या अंगाला मी लावणी करते. होळीला नाही, चैत्र सरताना बघा. माझा झरा आधी आटला, तर पुढच्या डोंगराला सगळ्यांत पुढे मी चालेन. ह्या मुलीला घेऊन."

हे म्हणताना तिला काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण ती म्हणाली, आणि कारभाऱ्यांनी मान हलवली.

तिचा नवरा सभेत काहीच बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र कुदळ खांद्यावर टाकून तिच्या मागोमाग निघाला.

अडुळसा नुसती फांदी लावली तरी रुजतो, हे आजीने सांगितलं. त्यांनी वीतभर फांद्या कापल्या आणि झऱ्याच्या वर उतारावर आडव्या ओळींनी लावल्या. दगड निघायचे, हाताला फोड यायचे. रोज दोन घागरी पाणी ती पाठीला मूल बांधून वर न्यायची. अर्ध्या फांद्या वाळल्या. तिने पुन्हा लावल्या. शेळ्या यायच्या, हुंगायच्या, मान फिरवून जायच्या. कुंपण घालायची गरजच पडली नाही.

पौषात एक दिवस सासू उतार चढून आली. कमरेवर फांद्यांचा भारा. तिने तो खाली टाकला आणि तोंड फिरवून म्हणाली, "खालच्या नाल्यातून आणल्या. एकटी किती तोडशील. लाव."

सुनेचे डोळे भरून आले. पण तिने भारा तसाच लावला नाही. खाली बसली आणि एकेक फांदी हातात घेऊन पानं मोजायला लागली. दोन. दोन. दोन.

"झालं हिचं सुरू," सासू म्हणाली. "अगं, मी आणलंय ना? मला काय दिसत नाही?"

दोन. दोन. तीन. सून थांबली. फांदी मोडली. चीक आला. तिने ती फांदी सासूच्या पुढे धरली. भाऱ्यात अशा चार निघाल्या, कण्हेरीच्या. आणि नात तिथेच, सासूच्या पदराशी, भाऱ्याकडे हात लांब करत बसली होती.

सासूने पटकन नातीला उचललं. मग सुनेशेजारी बसली आणि म्हणाली, "कसं ओळखायचं ते मला पण सांग." त्या दिवसापासून वाऱ्याचे टोमणे बंद झाले.

माघात डावा झरा तुटला. फाल्गुनात त्याच्या तळाची माती तडकली. लोक घागरी घेऊन उजव्या झऱ्यावर यायला लागले. पाळी येईपर्यंत रांगेत बसत.

चैत्र सरत आला. उजवा झरा बारीकच होता, हे खरं. पण तुटला नव्हता. कारभारी स्वतः आले. त्यांनी घागर धारेखाली लावली आणि त्या आईला म्हणाले, "म्हण तुझी अंगाई." ती म्हणाली. सातव्या अंगाईला घागर भरली. पावसाळ्यानंतर भरत होती तेवढीच, भर चैत्रात. कारभारी उतारावर चढले, ओळीतल्या एका अडुळशाच्या बुडाशी हात घातला. ओली माती मुठीत घेऊन ते उभे राहिले आणि ती मूठ त्यांनी गावासमोर उघडली.

त्या वर्षी गाव हललं नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी अडुळशाच्या दाट ओळींमागे, जिथे शेळ्यांना शिरावंसं वाटत नव्हतं, तिथे आपोआप बोरीची, उंबराची, आवळ्याची रोपं वर आली. घागर दोन अंगायांत भरायला लागली, आणि दुसरी अंगाई ती मुलगी स्वतःच म्हणायची. कण्हेर गावाने नाल्याच्या पलीकडे राहू दिली. ओळखून, अंतर ठेवून.

एक गंमत सांगते आणि संपवते. थोरली तोवर फार थकली होती. तरी रिवाज म्हणून कारभाऱ्यांनी एकदा अडुळशाची फांदी पुन्हा तिच्यापुढे धरली. थोरलीने हुंगलं आणि नेहमीसारखी मान फिरवली.

सगळे कारभाऱ्यांकडे बघायला लागले. कारभारी म्हणाले, "नाकारलं तिने. बरं झालं. म्हणजे हा टिकेल."

म्हणून लक्षात ठेवावं: ज्याची भीती वाटते त्याला न बघता वैरी म्हणू नये आणि न बघता जवळही करू नये, आधी नीट ओळखावं.